पेन्शन नाकारणारी ओळ

“भरतीच्या वेळी डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासले, फिट म्हणून घेतले. वीस वर्षे तोफांशेजारी काढली. आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, तर पत्रात लिहितात, याचा नोकरीशी संबंध नाही. मग कशाशी आहे?”

माजी सैनिकांच्या घोळक्यात हा प्रश्न थोड्याफार फरकाने हमखास निघतो. कानाच्या जागी कधी रक्तदाब असतो, कधी मणका, कधी साखर. विचारणाऱ्याचा राग खरा असतो आणि त्याचा तर्कही चुकीचा नसतो. कायद्यानेही हा तर्क पुष्कळ अंशी मान्य केला आहे. तरीही नकाराचे पत्र येते, आणि ते आल्यावर निम्मे लोक ते घडी घालून ट्रंकेत ठेवून देतात. उरलेल्यांपैकी बरेच जण अपील करतात, पण अपिलात घरची परिस्थिती लिहितात: कर्ज, मुलीचे लग्न, कोरडवाहू शेती. यातले काहीही खोटे नसते. फक्त अपील समितीने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नसते.

म्हणून प्रश्न कोणता, तेथून सुरुवात करू.

१. दोन प्रश्न, दोन्हींना ‘हो’ हवे

सैन्यातली अपंगत्व पेन्शन दोन भागांची असते. एक भाग नोकरीच्या वर्षांचा, त्याला ‘सर्व्हिस एलिमेंट’ म्हणतात. दुसरा शरीराच्या नुकसानीचा, तो ‘डिसेबिलिटी एलिमेंट’. वाद बहुतेक वेळा या दुसऱ्या भागाचा असतो. पूर्ण नोकरी करून निघालेल्याची साधी पेन्शन चालूच असते. त्यावर ही भर पडणार की नाही, एवढाच मुद्दा.

ती भर मिळण्यासाठी लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतल्या १७३ व्या नियमाने दोन अटी घातल्या. अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे, ही पहिली. ते २० टक्के किंवा त्याहून अधिक असावे, ही दुसरी. नियम पुढे बदलले, नव्याने लिहिले गेले, पण हा सांगाडा टिकला.

नकाराचे पत्र साधारणतः एका ओळीचे असते. ती ओळ या दोनपैकी एका प्रश्नावर बोट ठेवते. ‘सेवेमुळे आलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही’ असे लिहिले असेल, तर भांडण कारणाचे आहे. ‘२० टक्क्यांपेक्षा कमी’ असे असेल, तर भांडण मोजमापाचे आहे. कारण नाकारले असताना आजार किती गंभीर आहे हे पानभर सांगणे, किंवा टक्का नाकारला असताना सियाचीनच्या थंडीचे वर्णन करणे, यात अपील वाया जाते.

२. ‘सेवेमुळे आले’ आणि ‘सेवेमुळे वाढले’

या दोन शब्दप्रयोगांत फरक आहे आणि तो सैनिकाच्या फायद्याचा आहे. नाशिककराला तो द्राक्षबागेवरून चटकन कळेल. गारपीट झाली आणि घड फुटले, तर नुकसान गारपिटीनेच केले. पण डाऊनीचा रोग बागेत आधीच कुठेतरी पानाखाली होता आणि अवकाळी पावसाच्या चार दिवसांनी तो सगळ्या बागेत पसरला, तर पावसाने रोग आणला नाही, वाढवला. भरपाई देणाऱ्याने ‘रोग मुळात तुमच्याच बागेतला’ म्हणून हात वर केले, तर शेतकरी ऐकून घेणार नाही.

सैनिकाचेही तसेच. सुरुंगाने पाय गेला तर कारण सरळ आहे. मधुमेहाचा कल घराण्यात असू शकतो. पण अवेळी जेवण, झोपमोड, घरापासून लांब राहणे आणि सततचा ताण यांनी तो लवकर उघडा पडला किंवा बळावला, तर ‘वाढले’ हा दुसरा दरवाजा उघडा राहतो. मेडिकल बोर्डाच्या अर्जात या दोन प्रश्नांचे रकाने वेगळे असतात. बोर्डाने पहिल्यात ‘नाही’ लिहिले म्हणून दुसऱ्यातही आपोआप ‘नाही’ होत नाही. अपील लिहिताना मात्र बहुतेक जण पहिल्याच रकान्यावर सगळी शाई संपवतात.

३. पत्रावर शिक्का नाशिकरोडचा का?

फाळणीच्या वेळी काकुल येथील तोफखाना प्रशिक्षण शाळा देवळालीला आली. नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र आहे. देशभरातून भरती झालेले गनर तेथे घडतात. आणि त्याच नाशिकरोड कॅम्पमध्ये ‘आर्टिलरी रेकॉर्ड्स’ हे अभिलेख कार्यालय आहे. तोफखान्यातल्या जवानाची भरतीपासूनची कागदपत्रे, बदल्या, बढत्या, मेडिकल कॅटेगरी, सगळे तेथे जमा असते. त्यामुळे गनर पंजाबचा असो, तमिळनाडूचा की सिन्नरचा, त्याच्या घरी येणारे होकार-नकाराचे पत्र नाशिकरोडहून निघते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला तेच पत्र बेळगावहून येते, बॉम्बे सॅपर्सच्या जवानाला खडकीहून. अधिकाऱ्यांची प्रकरणे दिल्लीच्या मुख्यालयात जातात.

पत्र निघण्याआधी एक महत्त्वाची गोष्ट घडून गेलेली असते. निवृत्तीपूर्वी, किंवा आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवण्यापूर्वी, लष्करी रुग्णालयात मेडिकल बोर्ड बसते. पहिल्याला ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ म्हणतात, दुसऱ्याला ‘इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड’. जवानांच्या भाषेत ‘बोर्ड आऊट’. हे डॉक्टर एका ठरलेल्या अर्जावर लिहितात: आजार कोणता, कधी आणि कोठे सुरू झाला, सेवेमुळे आला का, वाढला का, किती टक्के, किती काळासाठी. रेकॉर्ड ऑफिस त्या अर्जावरून निर्णय घेते.

एकेकाळी हा निर्णय अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयात होई. तेथे वैद्यकीय सल्लागार असत आणि ते रुग्णाला न बघता बोर्डाचा टक्का खाली आणत किंवा ‘हो’चे ‘नाही’ करत. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात हे थांबवले: ज्याने सैनिकाला तपासलेच नाही, त्याने तपासणाऱ्या बोर्डाचे मत टेबलावर बसून उलटवू नये. आजही कोणाच्या जुन्या कागदांत बोर्डाचा ‘हो’ आणि कार्यालयाचा ‘नाही’ सापडला, तर ते प्रकरण सर्वांत सोपे समजावे.

४. कारण कोठे लिहिले आहे?

नकाराविरुद्धची सर्वांत भक्कम ढाल १९८२ च्या नियमांत होती. भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद नाही तो दोष तेव्हा नव्हता असे धरायचे. पुढे प्रकृती बिघडून तो सेवेबाहेर पडला, तर बिघाड सेवेमुळे झाला असे मानायचे. सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही, आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा. उलट मत द्यायचे असेल तर हा आजार भरतीच्या वेळी तपासून कळणे का शक्य नव्हते, ते डॉक्टरांनी लिहायचे.

हे नियम कागदावर होते. त्यांना दात आले ते २ जुलै २०१३ रोजी. धरमवीर सिंग हे सिग्नल्समधले जवान. १९८५ मध्ये भरती, सुमारे नऊ वर्षांची सेवा, मग फिट्सचा आजार आणि २० टक्के कायम अपंगत्वासह १९९४ मध्ये घरी. बोर्डाने म्हटले, सेवेशी संबंध नाही. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एका न्यायाधीशाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, दोघांच्या खंडपीठाने तो फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय रद्द केला. न्यायालयाने एक साधी गोष्ट पाहिली. भरतीच्या कागदात आजाराची नोंद होती का? नव्हती. मग तो तेव्हाही होता असे बोर्ड म्हणत असेल तर का, हे कोठे लिहिले आहे? कोठेच नाही. कारण न देता दिलेले मत टिकले नाही.

त्यानंतरच्या बहुतेक यशस्वी प्रकरणांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळते असा दावा सैनिकाला करावा लागत नाही. डॉक्टरांनी जे लिहायला हवे होते ते लिहिले नाही, एवढे दाखवावे लागते.

येथे नाशिकची एक गंमत आहे, आणि ती फारशी गमतीची नाही. देवळाली, नाशिकरोड ही लष्कराच्या हिशेबात ‘पीस स्टेशन’, म्हणजे शांततेची ठिकाणे. जवान काश्मीर, सिक्कीम, राजस्थान फिरून येथे येतो. निवांतपणी तपासणी होते आणि रक्तदाब किंवा साखर सापडते. अर्जात ‘आजार सुरू झाल्याचे ठिकाण’ म्हणून देवळाली लिहिले जाते आणि पुढे शेरा पडतो: शांत ठिकाणी सुरू झाला, सेवेचा ताण नाही, सबब संबंध नाही. आजार सापडला कोठे आणि सुरू झाला कोठे, या दोन गोष्टी एकच धरल्या जातात.

या शेऱ्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २७ मार्च २०२५ रोजी बोट ठेवले. प्रकरण सुभेदार गावस यांचे. १९८५ ची भरती, २०१५ ची निवृत्ती, आजार मधुमेह. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने त्यांना पेन्शन दिली होती आणि सरकार त्याविरुद्ध आले होते. न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळली. आजार शांत ठिकाणी उघडकीस आला एवढ्यावरून सेवेशी संबंध तुटत नाही. तो कशामुळे झाला असावा, याचे कारण बोर्डाने द्यायलाच हवे. कडाक्याच्या वाऱ्यात सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकाची आठवण ठेवा, असेही न्यायमूर्तींनी लिहिले, आणि वर्तमानपत्रांनी तेवढेच वाक्य उचलले. अपील करणाऱ्याच्या कामाचे वाक्य मात्र ठिकाणाबद्दलचे आहे.

बाजू नेहमी सैनिकाकडेच झुकते असे मात्र समजू नये. मानसिक आजारांत न्यायालयांनी वेगळी वाटही धरली आहे. २००९ च्या दामोदरन प्रकरणात आणि २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात स्किझोफ्रेनियाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. भरतीच्या वरवरच्या तपासणीत असा आजार कळणे शक्य नसते, म्हणून ‘तेव्हा नव्हता’ हे गृहीत तेथे लावता येत नाही, असे दुसऱ्या प्रकरणात म्हटले गेले. ज्याचा आजार या गटातला आहे, त्याने धरमवीर सिंग निकालाची प्रत जोडून निर्धास्त राहू नये. आजार सुरू होण्याआधी तो नेमका कोठे तैनात होता, काय घडले होते, याचे पुरावे त्याला इतरांपेक्षा जास्त लागतील.

कानाच्या बाबतीत गनरची बाजू मुळातच बळकट असते. तोफेजवळ कान जातो हे कोणाला पटवून द्यावे लागू नये. तरी नुसते ‘तोफखान्यात होतो’ म्हणणे पुरत नाही. तोफखान्यात कारकून असतात, चालक असतात, वायरलेसवाले असतात. प्रत्यक्ष तोफेवर किती वर्षे, कोणत्या फायरिंगला, कानाची पहिली तक्रार कधी नोंदली, हे सेवापुस्तकातून काढून मांडले की शेरा लिहिणाऱ्याला कारण द्यावेच लागते.

५. वीस टक्क्यांची रेघ

आता दुसरा प्रश्न, मोजमापाचा. येथे थोडा हिशेब करू.

समजा, एका हवालदाराचे शेवटचे पेन्शनयोग्य वेतन ४०,००० रुपये होते. १०० टक्के अपंगत्वाचा भाग वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. त्याचे अपंगत्व २० टक्के ठरले, तर वाट्याला १२,००० चे २० टक्के, म्हणजे २,४०० रुपये येतात. महागाई भत्ता त्यावर वेगळा.

पण येथे एक तरतूद मदतीला येते. पाचव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९९६ पासून, टक्के ठोक धरायचे ठरले. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरा, ५० ते ७५ असेल तर ७५ धरा, त्यावर असेल तर १००. डॉक्टरागणिक दोन-चार टक्क्यांचा फरक पडतो, त्याचा फटका सैनिकाला बसू नये हा हेतू. त्यामुळे आपल्या हवालदाराला २,४०० ऐवजी ६,००० रुपये मिळतात.

सुरुवातीला ही सवलत फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना होती. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला तोच आजार, तोच टक्का, पण ठोक धरणे नाही. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मोडला आणि सरकारची अनेक अपिले एकदम फेटाळली.

आता रेघेचा खेळ पाहा. २० टक्के म्हणजे ६,००० रुपये; १९ टक्के म्हणजे शून्य. एका टक्क्याला इतकी किंमत असलेला हिशेब सरकारी कामकाजात क्वचितच सापडेल. म्हणूनच ‘१५ ते १९ टक्के’ असा शेरा दिसला की जाणकार लगेच विचारतात: निवृत्ती की बोर्ड आऊट? कारण बोर्ड आऊटसाठी उत्तर वेगळे आहे. सुखविंदर सिंग या जवानाला कमी ऐकू येऊ लागले म्हणून घरी पाठवले गेले. टक्का २० च्या बराच खाली होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विचारले, एवढासाच बिघाड होता तर नोकरीवरून काढले कशाला? सैन्याने ज्याला ठेवून घेण्यालायक मानले नाही, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक धरलेच पाहिजे, आणि ठोक धरून ५० टक्के.

मुदत संपवून निवृत्त झालेल्याला हा आधार तितक्या सहज मिळत नाही. त्याने पुन्हा तपासणीची मागणी करावी. त्यासाठी श्रवणचाचणीसारखे मोजमापाचे अहवाल लागतात. ‘त्रास फार होतो’ हे वाक्य पुरत नाही. आजार दोन असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ३० आणि २० मिळून ५० होत नाहीत. एकत्रित टक्का बोर्ड वेगळा काढते आणि तो सहसा कमी भरतो.

युद्धातल्या किंवा शत्रूच्या कारवाईतल्या जखमेचा हिशेब वेगळा आणि अधिक उदार आहे. तेथे ३० टक्क्यांच्या जागी, सेवेत ठेवून नंतर निवृत्त केलेल्याला ६० टक्के आणि जखमेमुळे घरी पाठवलेल्याला वेतनाइतका भाग धरतात. तोही १०० टक्के अपंगत्वासाठी. वरचाच हवालदार, तेच वेतन, ठोक धरलेले ५० टक्के: ६,००० ऐवजी १२,००० किंवा २०,०००. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी होऊन पुढे १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले, हे आता चित्रपटामुळे घरोघरी माहीत आहे. जखम युद्धातली होती याबद्दल अशा प्रकरणांत वाद नसतो. वाद होतो तो गस्तीवर घसरून पडलेल्याचा आणि बंकर बांधताना पाठीवर दगड आलेल्याचा. जखम कोणत्या मोहिमेत झाली हे त्या दिवसाच्या इंज्युरी रिपोर्टमध्ये कसे लिहिले गेले, यावर पैसे दुप्पट-तिप्पट होतात.

६. रजेवर झालेला अपघात

‘सैनिक चोवीस तास ड्यूटीवर’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते, पण न्यायालयात अर्धवटच चालते.

मदन सिंग शेखावत रजेवर घरी निघाले होते. स्वखर्चाने प्रवास करत होते, गाडीतून उतरताना अपघात झाला आणि हात कापावा लागला. नियमात लिहिले होते, सरकारी खर्चाने रजेवर जाणारा ड्यूटीवर मानावा. सरकार म्हणाले, तिकीट यांनी स्वतः काढले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले की खर्च कोणी केला यावर सैनिकाचे ड्यूटीवर असणे ठरत नाही, आणि पेन्शन मंजूर केली.

याच्या उलट २०११ चे जुझार सिंग प्रकरण. वार्षिक रजेत गावी स्कूटरचा अपघात. सैनिक रजेवर होता, सेवेत होता, हे खरे. पण स्कूटर चालवण्याचा सैनिकी कामाशी कोणताही धागा नव्हता. दावा गेला. नंतरच्या अशा अनेक प्रकरणांत हेच घडले. घरी जाण्याचा किंवा परतण्याचा प्रवास चालू असेल तर आशा आहे; घरी पोहोचल्यावर शेतात ट्रॅक्टर उलटला तर फार कमी. अशा वेळी अपिलाला नकार देणारा वकील प्रामाणिक समजावा.

७. अपिलाच्या पायऱ्या

पत्र हातात पडल्यापासून पहिले अपील सहा महिन्यांत करायचे. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत, म्हणजे गनरसाठी नाशिकरोडमार्फत, सैन्य मुख्यालयातल्या पहिल्या अपील समितीकडे जाते. तेथे नकार आला तर दुसरे अपील, पुन्हा सहा महिन्यांची मुदत.

त्याआधी कागद हवेत. मेडिकल बोर्डाच्या अर्जाची पूर्ण प्रत, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, बदल्यांची नोंद, रुग्णालयात दाखल झाल्याचे कागद, इंज्युरी रिपोर्ट. हातात नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. अपील आधी आणि कागद मागाहून, हा क्रम जवळपास प्रत्येक जण पाळतो आणि तो उलटा आहे. बोर्डाने कारण लिहिले नाही हे दाखवायचे, तर बोर्डाने काय लिहिले ते आधी वाचायला हवे. ज्यांना कसलीच पेन्शन नाही, त्यांची कागदपत्रे ठरावीक वर्षांनी नष्ट करता येतात, म्हणून मुदतीआधी घरी आलेल्यांनी तर अजिबात थांबू नये.

समित्यांनंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते आले आणि ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. बाकावर एक न्यायिक सदस्य असतो, सहसा उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश, आणि एक सेनादलातून निवृत्त झालेला वरिष्ठ अधिकारी. पूर्वी याच कामासाठी उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा पडत. समितीकडून सहा महिन्यांत उत्तरच आले नाही, तर तोडगा संपला असे धरून न्यायाधिकरणात जाता येते. उत्तराची वाट पाहत म्हातारे होण्याची सक्ती नाही.

न्यायाधिकरणाच्या पुढे काय, यावर बराच काळ गोंधळ होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाने उच्च न्यायालयाची वाट बंद झाल्यासारखी होती. सामान्य जवानाने सहा हजारांच्या पेन्शनसाठी थेट दिल्लीत सर्वोच्च न्यायालय गाठावे, असा त्याचा अर्थ. २१ मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालाने ती वाट पुन्हा उघडली. आता मुंबईच्या खंडपीठाचा निकाल पटला नाही तर मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

उशीर झाला असेल तर? पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून अन्याय दर महिन्याला नवा मानला जातो. दावा मरत नाही, थकबाकी मात्र आटते. तरसेम सिंग १९८३ मध्ये घरी आले आणि सोळा वर्षांनी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांची पेन्शन कायम ठेवली, पण थकबाकी याचिकेच्या आधीच्या सुमारे तीन वर्षांपुरतीच. आपल्या हवालदाराचे दरमहा ६,००० धरले, तर ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या पत्राचे प्रत्येक वर्ष ७२,००० रुपयांना पडते.

नाशिकमध्ये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अर्ज लिहिण्यापासून पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतल्या अडचणींपर्यंत तेथे विचारता येते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक मंडळांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर सल्ला मिळावा असा तिचा हेतू आहे. वकील करण्याआधी ही दारे ठोठावायला पैसे लागत नाहीत.

८. सरकारही अपिलात जाते

जिंकलेल्या सैनिकाला सर्वांत जास्त खटकते ते हे. न्यायाधिकरण पेन्शन देते आणि काही महिन्यांनी समजते की संरक्षण मंत्रालयाने त्याविरुद्ध दाद मागितली. कायद्याचा मुद्दा आधीच सुटलेला असतानाही अशी अपिले होत राहिली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी खटलेबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली, आणि अपंगत्व पेन्शनची सरकारी अपिले मागे घ्यावीत असे त्या समितीने सुचवले. तरी सुभेदार गावस यांच्याविरुद्धची याचिका २०२५ मध्ये निकाली निघाली, यावरून त्या सूचनेचे काय झाले ते समजावे.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. रक्तदाब आणि मधुमेह यांसारख्या जीवनशैलीच्या आजारांवर अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांच्या प्रमाणाकडे महालेखापरीक्षकांनी २०२३ मधल्या अहवालात लक्ष वेधले. जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत हे प्रमाण जास्त आहे. तोफेशेजारी कान गमावलेला गनर आणि कार्यालयात बसून वजन वाढलेला अधिकारी एकाच रांगेत उभे राहिले की पहिल्याच्या दाव्यावर संशयाची सावली पडते, ही तक्रार जवान स्वतःही दबक्या आवाजात करतात. पण संशयितांना वेगळे काढण्याचे काम मेडिकल बोर्डाने कारणे लिहून करायचे होते. ते न करता सगळ्यांना एकच ओळ पाठवली, की न्यायालयात सगळेच जिंकतात.

९. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निघालेल्यांसाठी

त्या दिवसापासून नवे नियम लागू झाले. मुदत पूर्ण करून निघालेल्यासाठी ‘अपंगत्व पेन्शन’ऐवजी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही वेगळी संज्ञा आली. पेन्शन हा शब्द प्रामुख्याने बोर्ड आऊट झालेल्यांसाठी उरला. जीवनशैलीच्या आजारांसाठी कोठे सेवा केली याचे निकष अधिक कडक झाले. त्याआधी २००८ च्या नियमांनीही १९८२ ची ढाल थोडी पातळ केली होती: आजार सेवेत असताना दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे होत नाही, आणि निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर. त्यामुळे शेजाऱ्याचे जुने अपील उतरवून काढण्याआधी शेजारी कोणत्या वर्षी निघाला हे विचारावे. १९९८ चा निवृत्त आणि २०२४ चा निवृत्त यांचे आजार सारखे असले तरी नियम वेगळे आहेत.

नाशिकरोडच्या केंद्रात आता चार वर्षांसाठी भरती होणारे अग्निवीरही तयार होतात. त्यांना अपंगत्व पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या किंवा वाढलेल्या अपंगत्वासाठी एकरकमी मदत आहे: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख. म्हणजे मोजमापाची एक पायरी चुकली तर फरक दरमहा काही हजारांचा राहत नाही, एकदाच दहा किंवा एकोणीस लाखांचा होतो. संबंध आहे का आणि किती टक्के, हे दोन प्रश्न त्यांनाही तसेच लागू आहेत, आणि त्यांची उत्तरे त्याच मेडिकल बोर्डाच्या अर्जावर लिहिली जातात. चार वर्षांनी बाहेर पडताना त्या अर्जाची पूर्ण प्रत मागून घेणे, कानाची चाचणी झाली नसेल तर सहीआधी ती करायला लावणे, आणि प्रशिक्षणात झालेली प्रत्येक दुखापत त्याच दिवशी नोंदवून घेणे, हे अग्निवीराने पहिल्या महिन्यापासून करावे.